नाबोथच दलाल झाला तर?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक सद्गृहस्थ दोन कागद घेऊन माझ्याकडे आले. पहिला कागद रंगीत होता. फक्त आठ सदनिका, शांत ख्रिस्ती वस्ती, चर्चपासून पाच मिनिटांचे अंतर, राहण्यास व गुंतवणुकीस उत्तम, असा त्यावरील मजकुराचा आशय होता. तो कागद चर्चच्या सूचनाफलकावर लागावा अशी त्यांची इच्छा होती. दुसरा कागद म्हणजे इमारतीच्या उद्घाटनाची पत्रिका. आशीर्वादविधी माझ्या हस्ते होणार असल्याचे मला त्या छापील पत्रिकेवरूनच प्रथम कळले. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, "भोगवटा प्रमाणपत्र मिळाले का?" ते हसून म्हणाले, "फादर, ते मागाहून येत असते. आशीर्वाद आधी हवा ना!"

मी दोन्ही कागद त्यांना परत केले. त्यानंतरचे दोन महिने मला बरेच काही ऐकावे लागले. फादर विकासाच्या आड येतात अशी तक्रार बिशप हाऊसपर्यंत गेली. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एकाने विचारले, "नगररचना खात्याचा चार्ज फादरांकडे कधी आला?" प्रश्न चतुर होता, सारे हसले, मीही हसलो. परंतु हसण्याने उत्तर दिल्यासारखे होत नाही. ते उत्तर मी या पानांवर देत आहे, कारण हा विषय एका धर्मग्रामापुरता राहिलेला नाही. वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात क्वचितच एखादे ख्रिस्ती कुटुंब असे असेल, ज्याचा एखादा भाऊ, मेहुणा अथवा जावई जमिनीच्या वा सदनिकांच्या व्यवहारात नाही. आपली वाडी विकणारा, त्या वाडीवरील इमारतीत पैसे गुंतवणारा आणि तिच्यातील सदनिका दलालीने विकणारा, हे तिघे आज पुष्कळदा एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकतात. काही वेळा तर तिघे मिळून एकच माणूस असतो.

प्रथमच एक स्पष्ट करतो. घर विकत घेणे, बांधणे, विकणे यात पाप नाही. दलाली हाही प्रामाणिक धंदा होऊ शकतो. आपल्या भाषेत 'दलाल' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, पण मी तो तसा वापरीत नाही. बायबलमध्ये जमिनीचे व्यवहार आहेत आणि ते बारकाव्यांसह आहेत. अब्राहामाने सारेच्या दफनासाठी मखपेल्याची गुहा चारशे शेकेल रुपे मोजून घेतली, तीही वेशीवर, सर्वांच्या देखत. यिर्मया संदेष्टा तर बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला असताना, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, अनाथोथ गावचे शेत आपल्या चुलतभावाकडून सतरा शेकेलना विकत घेतो. रुपे तराजूत तोलले जाते, खरेदीखतावर साक्षीदारांच्या सह्या होतात, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी असते. बारूख ती दोन्ही खते मातीच्या भांड्यात जपून ठेवतो. ज्या देशात उद्या काय होईल याची शाश्वती नाही, तेथे संदेष्टा कागद चोख ठेवतो! आमच्याकडे पाच मिनिटांवर दुय्यम निबंधकाचे कार्यालय असूनही व्यवहार चिठ्ठीवर होतात.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत जमिनीचे व्यवहार जुळवून देणारे एक वृद्ध गृहस्थ होते. कापडी पिशवीत डायरी, डोक्यावर काळी टोपी. सात-बाराचा उतारा हातात आला की ते आधी मालकाचे नाव वाचीत नसत, 'इतर हक्क' हा रकाना वाचीत. कुळाचे नाव आहे काय, बोजा आहे काय, विहिरीत कोणाचा वाटा आहे, बहिणींची नावे कोठे गेली, हे सारे तपासल्याशिवाय ते घेणाऱ्याला टोकन देऊ देत नसत. त्यांना दलाली मिळे ती या शोधाची. घेणाऱ्याला जे दिसत नाही ते पाहणे, हेच तर मध्यस्थाचे काम. आज दोन्ही बाजूंकडून टक्केवारी घेणाऱ्या आपल्या तरुणांपैकी किती जण तो रकाना वाचतात? पुष्कळांचे काम एवढेच, की घेणाऱ्याला मोटारसायकलवर बसवून नमुना सदनिका दाखवावी आणि त्याने कागदाविषयी विचारले, की "आपलाच माणूस आहे" असे सांगावे. हे "आपलाच माणूस" नावाचे प्रमाणपत्र कोणत्याही कचेरीतून मिळत नाही, आणि त्याच्यावरच सर्वाधिक सदनिका विकल्या जातात.

आता ही छोटी इमारत उभी कशी राहते ते पाहू. वडिलोपार्जित वाडी असते. तीन भाऊ, दोन बहिणी. बहिणी एक वांद्र्याला, दुसरी दुसऱ्या गावी दिलेली. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे आणि आपण ख्रिस्ती लोक त्याच्या कक्षेत येतो. त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. शंभर वर्षे झाली तरी आपल्या घरांत तो कायदा पोहोचलेला नाही. फेस्ताच्या जेवणासाठी बहिणींना बोलावले जाते, हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, पाठवणी करताना साडी दिली जाते. मग भाऊ विकसन करारनामा करतात, कुलमुखत्यारपत्र लिहून देतात आणि मोबदल्यात दोन-तीन सदनिका व काही रोकड घेतात. सहा महिन्यांनी बहिणीला कळते की ज्या विहिरीच्या काठी ती खेळली, त्या विहिरीवर आता गाड्या उभ्या राहणार आहेत आणि भावांना इतके-इतके लाख मिळाले. ती माझ्याकडे येऊन रडते. मी तिला कोणता दिलासा द्यावा? आई-वडिलांच्या पुण्यतिथीच्या मिस्सासाठी त्या भावांकडून आलेले पाकीट तेव्हा माझ्या टेबलावरच असते.

विकासकाजवळ स्वतःचे भांडवल बहुधा नसते. ते आपणच पुरवतो. आखातातून परतलेला एखादा, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला दुसरा, मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेली एखादी विधवा, असे दहा-बारा जण पाच-पाच लाख टाकतात. त्यांच्या हाती येते ती साध्या कागदावरची पावती, फार तर शंभराच्या मुद्रांकावरील मजकूर. १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायदा आजही जिवंत आहे. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय फार मोठी रक्कम आगाऊ घेऊ नये असा त्याचा दंडक आहे. २०१६ च्या केंद्रीय कायद्याने, ज्याला सारे जण 'रेरा' म्हणतात, ही मर्यादा दहा टक्के ठरवली आणि ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती त्याच बांधकामासाठी वापरण्याचे बंधन घातले. हे सर्व आपल्याला ठाऊक नाही असे नाही. ठाऊक आहे, म्हणूनच इमारत आठ सदनिकांची असते.

या 'आठ'चे रहस्य अनेक वाचकांना नवीन असेल, म्हणून थोडे थांबतो. रेरा कायद्याच्या तिसऱ्या कलमात नोंदणीतून एक सूट आहे. जमिनीचे क्षेत्र पाचशे चौरस मीटरहून अधिक नसेल, किंवा सर्व टप्पे मिळून सदनिका आठांहून अधिक नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी आवश्यक नाही. पाचशे चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना थोडे कमी. आपल्या वाटण्या झालेल्या वाड्यांचे माप नेमके हेच! एजंटाने नोंदणी करावी हे बंधनही नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीसाठीच आहे. कायदेमंडळाने ही सूट कदाचित गरीब भूधारकावर कागदांचे ओझे पडू नये म्हणून ठेवली असेल. आम्ही तिचे दार रुंद केले. शेजारच्या दोन भावांच्या दोन वाड्यांवर दोन नावांनी दोन इमारती उभ्या राहतात, जिना वेगळा, पाण्याची टाकी मात्र एक. कायदा 'सर्व टप्पे मिळून' म्हणतो आणि आपण ते टप्पे चुलतभावांत वाटून टाकतो.

येथे कोणी म्हणेल, नोंदणी असली म्हणजे सारे शुद्ध असते काय? मुळीच नाही. कल्याण-डोंबिवलीत पासष्ट इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराचे नोंदणी क्रमांक मिळवले आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. क्रमांक हा काही तारणाचा दाखला नव्हे. पण क्रमांकच नको अशी सोय शोधणारा माणूस कशापासून पळतो आहे, हे विचारण्याचा अधिकार तर आपल्याला आहे ना?

मग परवानगीचा प्रश्न. परवानगी तीन मजल्यांची असते, चौथा मजला देवाच्या भरवशावर चढतो. तळमजल्यावर नकाशात गाड्या उभ्या करण्याची जागा असते. इमारत पुरी होताच तेथे भिंती उभ्या राहतात आणि दोन खोल्या अथवा दोन दुकानगाळे विकले जातात. हे विकण्याचे काम दलालाला दिले जाते आणि त्याला त्यात नेहमीपेक्षा अधिक टक्के मिळतात. अधिक का मिळतात, हे त्याने स्वतःला विचारायला हवे. जोखीम तो घेत नाही, घेणाऱ्याच्या गळ्यात घालतो. जादा टक्के मिळतात ते त्या गळ्याचे.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. २०१२ च्या सुमारास मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथे अशाच एका इमारतीला मी आशीर्वाद दिला. कागद पाहिले नाहीत. पाहावेत असे मनातही आले नाही. मला काय त्याचे, मी धर्मगुरू, बोलावले की जावे, प्रार्थना म्हणावी, पवित्र जल शिंपडावे, चहा घेऊन परतावे. तळमजल्यावरच्या अशाच एका भिंती घातलेल्या खोलीत एक कुटुंब राहायला आले. नवरा कारखान्यात कामाला, बायको शिवणकाम करणारी. बँकेने कर्ज नाकारले होते. बँकेचा वकील कागद मागतो, आणि खरे तर त्या नकारातच त्यांना इशारा मिळाला होता. पण दलालाने त्यांना पतपेढीची वाट दाखवली. पतपेढीचे व्याज अधिक. बायकोचे दागिने मोडले. काही वर्षांनी त्या दोन खोल्यांना पालिकेची नोटीस आली. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा भिंतीवर एक फोटो चौकटीत लावलेला होता. मी पवित्र जल शिंपडत आहे, मागे ते दोघे हात जोडून उभे आहेत. ती बाई रागावली नाही. तिने एवढेच म्हटले, "फादर, तुम्ही स्वतः आला होता, म्हणून आम्ही काही विचारले नाही."

त्या दिवसापासून मला कळले की माझा आशीर्वाद हाही विक्रीच्या सामग्रीचा भाग होता. रंगीत कागदाइतकाच, कदाचित त्याहून अधिक उपयोगी. ज्यांनी कौन्सिलच्या बैठकीत मला नगररचना खात्याविषयी विचारले, त्यांना हे माझे उत्तर आहे. खात्याचा चार्ज माझ्याकडे नाही. पण माझ्या हातातील कुंचल्याचा चार्ज माझ्याकडे आहे, आणि तो कशाला तारण म्हणून वापरला जातो हे पाहणे माझे काम आहे.

अनुवादाच्या पुस्तकात एक लहानशी आज्ञा आहे, जिच्यावर प्रवचन ऐकल्याचे मला तरी आठवत नाही. नवे घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, नाहीतर कोणी पडला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा भावार्थ आहे. कठडा! मोशेच्या नियमशास्त्रात, यज्ञ आणि उपवास यांच्या पंक्तीत, गच्चीचा कठडा! २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेला एका चार मजली अनधिकृत इमारतीचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला आणि सतरा माणसे गेली. इमारतीचे वय पुरते पंधरा वर्षांचेही नव्हते. मृतांचा धर्म कोणता हे विचारण्याचे कारण नाही, आणि ती इमारत कोणी बांधली हे न्यायालय पाहील. पण तिच्यासारख्या किती इमारतींतील सदनिका आपल्या ओळखीच्या कोणी ना कोणी विकून दिल्या आहेत, हे न्यायालय आपल्याला विचारणार नाही. ते आपणच विचारायचे आहे. त्याच वर्षाच्या आरंभी नालासोपारा पूर्वेला एकेचाळीस इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडून झाल्या. मलनिस्सारण प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर त्या उभ्या होत्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे सामानासह रस्त्यावर आली. बांधणारे आपला नफा घेऊन कधीच निघून गेले होते, दलालांनी दलाली वाजवून घेतली होती, आणि ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली होती त्यांच्याच नशिबी बुलडोझर आला.

गुंतवणूकदारांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. आपल्यातील अनेक सज्जन म्हणतात, "फादर, आम्ही बांधत नाही, विकत नाही, फक्त एक सदनिका घेऊन ठेवली आहे. म्हातारपणाची सोय." उत्तम. पण हिशेब कागदावर मांडून पाहा. समजा पस्तीस लाखांची सदनिका आहे आणि भाडे नऊ हजार येते. वर्षाचे एक लाख आठ हजार झाले. त्यातून सोसायटीचा खर्च, घरपट्टी, दरवर्षी नवा भाडेकरू आणणाऱ्या दलालाचे एक महिन्याचे भाडे आणि रिकामा जाणारा एखादा महिना वजा करा. हाती जेमतेम सत्तर-पंचाहत्तर हजार उरतील, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. पोस्टातही याहून अधिक मिळते. मग माणसे सदनिका का घेतात? भाव चढेल म्हणून. आणि तो चढलेला भाव कोण देणार? ज्याला खरोखर घर हवे आहे तो. आपल्याच बहिणीचा मुलगा, जो लग्न ठरूनही दोन वर्षे घर शोधतो आहे. आपली बचत वाढावी म्हणून त्याचे घर महाग व्हायला हवे, असा हा हिशेब आहे. म्हातारपणाची सोय झाली खरी, पण ती तरुणांच्या खर्चाने.

त्यातही भाड्याने देणारे तरी बरे. कित्येक सदनिका कुलपात आहेत. ईस्टरच्या काळात घरे आशीर्वादित करीत मी जिने चढतो तेव्हा एका मजल्यावर दोन दारे उघडी आणि दोन बंद, असे किती ठिकाणी पाहतो! विचारले तर म्हणतात, भाडेकरू शिरला तर निघणार नाही. ही भीती जुन्या भाडेकायद्याच्या काळातील आहे. २००० पासून नवा भाडेनियंत्रण कायदा आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला तर मुदतीनंतर जागा परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे. पण करार नोंदवायचा तर भाडे कागदावर येते, आणि ते आपल्याला नको असते.

आणि ज्यांना भाड्याने देतो, ते कोण? "फक्त ख्रिस्ती कुटुंब", "मुसलमान नको", "एकटी मुलगी नको", "यूपीवाले नकोत". आपल्यापैकी ज्यांची मुले नोकरीसाठी मुंबईच्या उपनगरांत घर शोधायला गेली, त्यांनी आडनाव सांगताच आणि मांसाहारी असल्याचे कळताच "सोसायटीला चालत नाही" हे वाक्य ऐकले आहे. त्या वेळी आपण अन्याय, अन्याय म्हणून ओरडलो. इथे मात्र तेच वाक्य आपलाच दलाल आपल्या वतीने दुसऱ्याला ऐकवतो, आणि आपल्याला ते पुरते ऐकूही येत नाही. १९८७ मध्ये, बेघरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, पोपमहोदयांच्या न्याय व शांती आयोगाने एक दस्तऐवज काढला होता. स्वतःचा दोष नसताना ज्याला योग्य निवारा नाही, तो अन्यायाचा बळी आहे, असे त्यात म्हटले आहे. दुर्दैवी नव्हे, अन्यायाचा बळी! अन्यायाचा बळी असेल तर अन्याय करणाराही कोठेतरी असलाच पाहिजे.

रोकड्याविषयी थोडक्यात. "इतके व्हाइट, इतके ब्लॅक" ही भाषा आपल्या घरांत मुलांच्या देखत बोलली जाते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रुपये रोख घेण्यास आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून बंदी आहे, हे दलालाला पाठ असते. त्यातून सुटण्याचा मार्गही पाठ असतो. प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या आणि सप्पिरा यांनी जमीन विकली आणि किमतीतील काही भाग मागे ठेवून उरलेला पूर्ण म्हणून प्रेषितांच्या पायांशी आणला. पेत्र त्याला काय म्हणतो ते मूळातून वाचा. जमीन तुझी होती, पैसेही तुझेच होते, ठेवलेस म्हणून राग नाही, खोटे आकडे सांगितलेस हा अपराध. ही कथा आपण ऐकतो आणि कोणाच्या मनात दुय्यम निबंधकाचे कार्यालय येत नाही, याचे मला नवल वाटते.

येथे चर्चने आपल्याही पदराखाली पाहिले पाहिजे. फेस्ताचा मंडप, सभागृहाची फरशी, घंटेची दुरुस्ती, यांच्या देणगीदारांच्या यादीत जमीन-व्यवहारातील नावे ठळक असतात. देणगी स्वीकारताना आपण धर्मगुरू फारसे प्रश्न विचारत नाही. कुंपणच शेत खाते ही म्हण केवळ सरकारी अधिकाऱ्यांसाठी नाही.

आता माझ्याविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा. तो मला अनेकांनी सांगितला, पण एका शेतकऱ्याने सांगितला तसा कोणी नाही. तो म्हणाला, "फादर, हरित वसईच्या मोर्च्यात मी चाललो. जमीन विकू नका असे सर्वांनी सांगितले. ती ठेवून खायचे काय, हे कोणी सांगितले नाही." या वाक्यापुढे मी बराच वेळ गप्प बसलो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईसाठी उभे राहिले तेव्हा मी सेमिनरीत होतो; सुट्टीत घरी आलो की आळीत दुसरा विषय नसे. दहशत होती, तरी माणसे बाहेर पडली. १९९० मध्ये सिडकोकडे नियोजन गेले, २००९ मध्ये महानगरपालिका आली, त्या दोन्ही वेळी गावे लढली. २०२४ च्या जुलैत फादर दिब्रिटो आपल्यातून गेले आणि त्यांच्या अंत्यविधीला लोटलेल्या गर्दीत ज्यांनी मधल्या काळात वाड्या विकल्या असेही पुष्कळ होते. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. विहिरींचे पाणी मचूळ झाले, पानवेलीला माणूस मिळेना, केळीला भाव नाही, सुकेळी करणारे हात थकले, मुले विमान कंपनीत किंवा संगणकावर. बावखले बुजली, आणि २०१८ च्या जुलैत पाणी घराघरांत शिरले तेव्हा ती कशासाठी होती हे कळले. शेती परवडत नाही हे खरे आहे. हे खरे नाही असे म्हणणाऱ्या धर्मगुरूने एक हंगाम स्वतः वाडी शिंपून पाहावी.

पण विकणे भाग पडणे वेगळे आणि फसवणे वेगळे. माझा त्या शेतकऱ्याशी वाद नाही. नाबोथाने पूर्वजांचा द्राक्षमळा राजा अहाबाला देण्यास नकार दिला आणि त्यासाठी प्राण गमावले. प्रत्येकाने नाबोथ व्हावे अशी अपेक्षा मी करीत नाही. लेवीय पुस्तकातही गरजेपोटी जमीन विकणाऱ्याचा विचार आहे. त्याला ती सोडवून घेता यावी म्हणून नातेवाइकांवर कर्तव्य सोपवले आहे, आणि जमीन शेवटी परमेश्वराची आहे, तुम्ही तिच्यावर पाहुणे आहात, असेही तेथे बजावले आहे. मला भय वाटते ते निराळे. नाबोथाने मळा विकला, तेथवर समजले. पण मग त्याने अहाबाची एजन्सी घेतली, शेजाऱ्याच्या मळ्यावर पाटी लावली, आणि ईजबेलने पूर्वी जी खोटी पत्रे लिहिली होती ती आता तोच लिहू लागला, तर त्याला काय म्हणावे?

"आम्ही नाही केले तर दुसरे करतील" हा मुद्दा मी विचारात घेत नाही. दुसरे करतील तर करू देत. तुमचे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत माझ्या कपाटात आहे, दुसऱ्यांचे नाही.

व्यवसाय करणाऱ्यांकडून माझी मागणी फार मोठी नाही. इमारत आठ सदनिकांची असली तरी करारनामा नोंदवा. घेणाऱ्याला मंजूर नकाशा त्याच्या हातात द्या आणि किती मजले मंजूर आहेत ते मोजून दाखवा. बहिणींची सही घेतली असेल तर त्यांचा वाटाही द्या. इमारत झाल्यावर जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे करून द्या. पुष्कळ ठिकाणी सदनिका विकून तीस वर्षे झाली, सात-बारावर अजून मूळ मालकाचेच नाव आहे, आणि इमारत मोडकळीस आल्यावर त्या आठ कुटुंबांना कळते की ती ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांची नाही. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट खुली झाली आहे, पण आठ सामान्य कुटुंबांनी वकील करून ती वाट चालायची, कारण एका माणसाने एक सही केली नाही, हे कोठले न्यायाचे?

आमच्या कौन्सिलपुढे मी एवढेच ठेवले आहे, की यापुढे नव्या इमारतीच्या आशीर्वादाचे निमंत्रण आले तर भोगवटा प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात द्यावी. राहत्या कुटुंबाच्या घराला ही अट नाही. अनधिकृत इमारतीत राहणाऱ्याच्या घरी तर मी आधी जाईन, कारण त्याला प्रार्थनेची गरज अधिक आहे. अट आहे ती विकणाऱ्यासाठी. या ठरावावर अजून मतदान झालेले नाही. पाच जण बाजूने आहेत, चार विरुद्ध, दोघे म्हणतात की बिशप हाऊसला विचारावे.

ते सद्गृहस्थ, ज्यांच्यापासून मी आरंभ केला, गेल्या महिन्यात पुन्हा आले. रंगीत कागद बरोबर नव्हता. एक फाइल होती. सात-बारा होता, बिनशेती आदेश होता, बांधकाम परवानगी होती. नकाशात तीन मजले होते. मी खिडकीतून बोट दाखवून त्यांना चौथा दाखवला. ते म्हणाले, "फादर, त्या मजल्यावरच्या दोन्ही विकल्या गेल्यात." मी विचारले, "कोणाला?" त्यांनी दोन नावे सांगितली. दोन्ही आमच्याच धर्मग्रामातील, एका जोडप्याचे लग्न मी गेल्या जानेवारीत लावले. मी त्यांना म्हटले, आपण दोघे आता उठून त्यांच्याकडे जाऊ या, तुम्ही त्यांना नकाशा दाखवा, मी शेजारी बसतो. त्यांनी घड्याळ पाहिले, उद्या येतो म्हणाले. फाइल माझ्या टेबलावरच राहिली आहे.